मंदीत डब्याचा भाव: भोसरीतल्या पाच महिन्यांच्या नोंदी (ऑगस्ट ते डिसेंबर २०१९)

पुण्याजवळ भोसरीत एमआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) कडेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. गिऱ्हाईक सगळं कंपन्यांतलं: सीएनसी मशीनवरचे ऑपरेटर, हेल्पर, कॉट बेसिसवर (खोलीत एकेक कॉट भाड्याने घेऊन) राहणारी मुलं, दोन-चार ऑफिसवाले. स्वयंपाक मी आणि मदतनीस बाई बघतो, पोळ्यांना दोघी मावशी आहेत, डबे पोचवायला हे. भाव कसा ठरवला, कुठे आपटलो, ते वहीत लिहीत गेले. मेस किंवा डबे चालवणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

५ ऑगस्ट, सोमवार

मार्चमध्ये रोज ११० डबे जात होते. आज ६४ गेले.

श्रावण लागला म्हणून असेल, पाऊस फार झाला म्हणून असेल, अशी मनाची समजूत घालत होते. पण श्रावणात आमचे डबे कधीच कमी होत नाहीत, उलट नॉनव्हेज बंद म्हणून वाढतात. खरं कारण गेटवर कळतं. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी शिफ्ट, आणि आता ठेकेदाराच्या मुलांना ब्रेक देताहेत, म्हणजे कामावरून थांबवताहेत. एक सुपरवायझर सांगत होते, पुढच्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या बीएस-६ गाड्या येणार, म्हणून घेणारे थांबलेत, आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांना कर्ज मिळत नाही. मोठ्या कंपनीने गाड्या कमी केल्या की आमच्या गल्लीतल्या शॉपमध्ये (छोट्या कारखान्यात) जॉब, म्हणजे सुट्या भागांचं काम, येत नाही, आणि जॉब नाही म्हणजे डबा नाही.

सध्याचा हिशेब असा. एका डब्यात ४ पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात, कांदा-लोणचं. सुटा डबा ६० रुपये. महिन्याचा १,४५० रुपये, गुरुवारची सुट्टी सोडून २६ दिवस. माल, गॅस, पेट्रोल आणि मावशींची पोळीमागे १ रुपया मजुरी धरून डब्याला ३० रुपये पडतात. गाळ्याचं भाडं, मदतनीस बाईंचा पगार, लाइट-पाणी, गाडीचा हप्ता मिळून १९,८०० रुपये. डबे ११० असोत की ६४, ते सुटत नाहीत.

९ ऑगस्ट

कोल्हापूर-सांगलीला पूर, महामार्ग बंद, दूध येईना. डब्याबरोबरचं ताक बंद केलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं उगाच देत होतो की काय?

१२ ऑगस्ट, सोमवार

पगार ७ ते १०च्या दरम्यान होतात, त्यामुळे महिन्याचे पैसे मी १२ तारखेला घेते. आज पाटी बदलली: महिना १,४५० खोडून १,२५०. यांचं म्हणणं, लोकांकडे पैसे नाहीत तर भाव उतरवायचा, यात विचार कसला करायचा? मलाही पटलं. फ्लेक्सला ३५० रुपये गेले.

२० ऑगस्ट

आठ दिवसांत नवीन गिऱ्हाईक तीन. त्यातले दोघे पलीकडच्या मेसमधून आलेले, म्हणजे ती बाई आता तिचा भाव उतरवणार. जुन्यांपैकी गेलेला एकही परत आला नाही.

वर एक वेगळंच दुखणं सुरू झालं. डबा परत द्यायला आलेल्या एकाने झाकण उघडून दाखवलं आणि विचारलं, "काकू, तेल बदललं का?" तेल तेच, डबाही तोच. दोन दिवसांत तिघांनी असंच काहीबाही विचारलं. १,४५० चा डबा १,२५० ला मिळायला लागला की माणूस चव घेत नाही, खोट शोधतो.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. दुपारी वही घेऊन बसले. हे काम पाटी रंगवायच्या आधी करायला हवं होतं.

१,४५० मध्ये माणशी महिन्याला ६७० रुपये सुटत होते (२६ डब्यांचा खर्च ७८० वजा). ६४ माणसांचे ४२,८८०. त्यातून १९,८०० गेले की हातात २३,०८०. १,२५० केल्यावर माणशी उरले ४७०. म्हणजे ६४ जणांचे ३०,०८०, आणि हातात १०,२८०.

भाव २०० ने उतरवला, म्हणजे चौदा टक्के. कमाई मात्र निम्म्याहून खाली आली. आधीच्या २३ हजारांवर यायचं तर ९२ माणसं लागतील. नवीन २८ हवी होती, आली ३.

हे आकडे यांना वाचून दाखवले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहा टाक."

संध्याकाळी एक जुना ऑपरेटर भेटला, जुलैत बंद केलेला. मी सरळ विचारलं, आता १,२५० केलाय, का येत नाहीस? तो म्हणाला, "काकू, भावाचं नाही हो. आमची कंपनी शुक्रवार-शनिवार बंद असते. कधी सोमवारी गेटवर गेल्यावर परत पाठवतात. मी महिन्यात पंधरा दिवस डबा खाणार आणि पैसे सव्वीसचे देणार. पगारसुद्धा पंधराचाच येतो ना."

तीन महिने मी भाव बघत होते. अडचण दिवसांची होती.

७ सप्टेंबर

घरी गणपती, गौरींचं जेवण, त्यातून वेळ काढून नवा बेत ठरवला.

महिन्याचा डबाच बंद. १,२५० चा परत १,४५० केला असता तर शिव्या बसल्या असत्या. ती ओळच पाटीवरून काढली की तुलनेला जागा उरत नाही. त्याऐवजी कुपनं: १० कुपनांचं पुस्तक ५७० रुपये. खाल त्या दिवशी एक कुपन फाडायचं. पंधरा दिवस खाणाऱ्याला ८५५ पडतात आणि मला डब्यामागे २७ सुटतात, जुन्या महिन्याच्या भावापेक्षा सव्वा रुपया जास्तच.

दुसरं म्हणजे छोटा डबा: ३ पोळ्या आणि भाजी, ४० रुपये. भात-आमटी नाही. खर्च २०, सुटतात २०. भात खोलीवर कुकरला लावणारी बरीच मुलं आहेत, त्यांना पोळ्या जमत नाहीत.

पोटात भीती आहे ती एकच. मोठा डबा घेणारे सगळे छोट्यावर आले तर?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल विसर्जन झालं, आज नवी पाटी. खरं तर आणखी आठवडाभर तयारी करायला हवी होती. पण उद्यापासून पितृपक्ष, त्यात नवं काही काढायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. म्हणून घाईने झेरॉक्सच्या दुकानातून पांढऱ्या कागदावर कुपनं काढून आणली. २०० पुस्तकं, २६० रुपये. ही घाई पुढे नडली.

१,४५० च्या काळापासून सव्वीस दिवस नियमित जेवणारे ऑफिसवाले रागावले. त्यांच्या दृष्टीने १,२५० चे १,४८२ झाले होते. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्यासाठी ३० कुपनांचं पुस्तक १,६५० ला केलं, ५५ रुपये डबा. दोघे तरीही गेले.

२२ सप्टेंबर

सोमवारी ७० डब्यांचा स्वयंपाक केला, ४१ गेले. मंगळवारी शहाणपणाने ५० चा केला, तर मागणी ८३ ची.

महिन्याच्या डब्यात माणूस येवो न येवो, डबा भरला जायचा. कुपनात कोण कधी येणार याचा पत्ताच नाही, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारच्या उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी करून मावशींना, मदतनीस बाईंना, शेजाऱ्यांना वाटली. भाजी टाकावी लागली. मंगळवारी मावशींनी परत कणीक मळली, माझा भात कमी पडला, शेवटचे डबे पाऊण तास उशिरा पोचले. दोन दिवसांचं नुकसान अंदाजे १,४०० रुपये आणि एक पूर्ण दुपार.

उपाय: व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. उद्याचा डबा हवा तर रात्री ९ च्या आत 'मोठा' किंवा 'छोटा' लिहायचं. लिहिलं नाही तर डबा नाही. पहिले दोन दिवस पाच-सहा जण उपाशी राहिले आणि चिडले. मग शिस्त लागली. आता मी रात्री सव्वानऊला आकडा बघून मगच डाळ-तांदूळ मोजून ठेवते. याचा एक फायदा झाला, पूर्वी रोज वाया जायचं ते पाच-सहा डब्यांचं अन्न वाचलं.

२३ सप्टेंबर

कुपनांच्या गठ्ठ्यात एकाच नंबरची सात कुपनं निघाली. कागद पांढरा, छपाई काळी, झेरॉक्सचं दुकान चौकात. अक्कल माझीच गहाण. कोणी केलं ते मला ग्रुपमधल्या वेळांवरून कळलं, पण नाव घेतलं नाही. सगळी जुनी पुस्तकं बदलून घेतली. नवीन पिवळ्या कागदावर काढली, प्रत्येक कुपनावर लाल शिक्का आणि हाताने नंबर. शिक्का १८०, कागद-छपाई ३४०. ज्याने केलं त्याला पुस्तक बदलून देताना मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने दुसऱ्या दिवशी २०० रुपये आणून गल्ल्यावर ठेवले आणि न बोलता गेला.

शुक्रवारी सरकारने कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. डबे भरताना ग्रुपवर एकाने टाकलं, "काकू, कंपनीचा टॅक्स कमी झाला, आता डब्याचा करा." मी लिहिलं, "आधी तुमचा ओव्हरटाइम सुरू करायला सांगा."

पितृपक्षात श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या नऊ ऑर्डर आल्या: वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. तिथे कुणी घासाघीस करत नाही. मंदी असो नाहीतर आणखी काही, पितरांचं पान वाढावंच लागतं. खर्च जाऊन साडेसहा हजार सुटतील असं दिसतंय.

५ ऑक्टोबर

१३ सप्टेंबरपासून गुरुवार सोडून २० दिवस झाले. रोज सरासरी ४९ मोठे, २२ छोटे. सुटले ते रोजचे १,७६३ रुपये. याच हिशेबाने २६ दिवस धरले तर १९,८०० वजा जाता २६,०३८. भाव पाडला तेव्हाच्या १०,२८० पेक्षा बरं. मार्चच्या ५४ हजारांशी तुलना करायची नाही असं ठरवलंय.

मोठ्यावरून छोट्यावर ९ जण उतरले. प्रत्येकामागे ७ रुपये गेले, म्हणजे रोज ६३. पण बंद केलेल्यांपैकी १३ जण छोट्या डब्यासाठी परत आले, ते रोज २६० देऊन जातात. तेव्हा छोटा डबा राहणार.

नवरात्रात उपासाची खिचडी ४५ ला ठेवली. साबुदाणा आणि शेंगदाणे मिळून खर्च २६ वर गेला, फार सुटलं नाही. पुढच्या वर्षी वरई.

१६ ऑक्टोबर

उधारी. लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

कुपनं म्हणजे रोख, हा नियम मीच केला आणि मीच मोडला. पगार लांबले की मुलं तोंड पाडून उभी राहतात. "काकू, दहा तारखेला देतो." आज जुळवलं तर ११,४०० रुपये बाहेर. त्यात एका खोलीतली चार मुलं होती, पाच पुस्तकं घेतलेली. परवा ठेकेदाराने त्यांचं काम थांबवलं आणि ती रातोरात गावी गेली. फोन बंद. ५० कुपनांचे २,८५० बुडाले. मुलं वाईट नव्हती. त्यांचा शेवटच्या महिन्याचा पगारही त्यांना मिळाला नव्हता म्हणे.

आता नियम: एका माणसाला एकच पुस्तक उधार, पहिलं फिटल्याशिवाय दुसरं नाही. आणि उधारीचं पुस्तक ६०० ला. ५७० ही रोखीची किंमत, असं सांगते. व्याज म्हटलं की लोकांना राग येतो, रोखीची सूट म्हटली की चालतं.

२६ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी

फराळाचं लिहायला आजच वेळ मिळतोय, हात तेलकट आहेत.

गेल्या वर्षी किलो-अर्धा किलोची पाकिटं केली होती. यंदा पाव किलोवर भर दिला. चिवडा किलोला २६०, पाव किलो ७०. चकली किलोला ३२०, पाव किलो ८५. पाव किलो थोडं महाग पडतं, पण ३२० रुपये एकदम काढणं वेगळं आणि ८५ काढणं वेगळं. गावी न्यायला प्रत्येकाने दोन-दोन, तीन-तीन पाकिटं घेतली. एकूण ५५ किलो गेलं (गेल्या वर्षी ६२), त्यातलं ३८ किलो पाव किलोच्या पाकिटांत. सुटले ९,२०० रुपये. चुकलं ते शंकरपाळ्यांचं, ६ किलो पडून आहेत.

एक सौदा सविस्तर लिहिते, कारण ऑगस्टमध्ये मला हे सुचलं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या शॉपचे मालक आले. दरवर्षी कामगारांना बोनस आणि फराळाचा बॉक्स देतात. बॉक्स २५० चा: चिवडा, चकली, शेव, बेसनाचे लाडू. ४० बॉक्स हवे होते, पण म्हणाले, "वहिनी, २०० ने द्या. यंदा बोनसच अर्धा आहे." पूर्वीची मी असते तर हो म्हटलं असतं. मी बॉक्स उघडला, लाडवांची पिशवी बाहेर काढून गल्ल्यावर ठेवली आणि म्हटलं, "हा २०० चा." ते हसले. पिशवीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. शेवटी २५ बॉक्स २०० चे आणि जुन्या माणसांसाठी १५ बॉक्स लाडवांसकट २५० चे घेऊन गेले. माझा भाव तुटला नाही, त्यांचा मानही राहिला.

१४ नोव्हेंबर

दिवाळीत पडलेल्या पावसाने कांदा शेतातच सडला. सप्टेंबरअखेर निर्यातबंदी झाली तेव्हा वाटलं होतं, कांदा उतरेल. उतरायचं नाव नाही.

डब्याला साधारण ४० ग्रॅम कांदा जातो, वाटणात आणि कच्चा मिळून. ७० डब्यांना २ किलो ८०० ग्रॅम. २५ रुपये किलो होता तेव्हा दिवसाचे ७० रुपये. ११० झाला तर ३०८ होतील. डब्यामागे जवळपास साडेतीन रुपये जास्त, तेही २७ मधून.

यांचं मत, कुपनाचे ५७ चे ६० करा. मी थांबवलं. तीन महिन्यांत भाव एकदा खाली, मग पद्धतच वेगळी, आता पुन्हा वर, असं केलं की लोकांचा पाटीवरचा विश्वास उडतो.

६ डिसेंबर

मंडईत कांदा शंभरच्या वर गेला.

पहिला प्रयोग फसला. वाटणात कांद्याऐवजी कोबी घातला. हॉटेलवाले घालतात म्हणून ऐकलं होतं. ते तो भज्यांत आणि कोशिंबिरीत घालत असणार. रश्श्याला उग्र वास आला. आमचे डबे स्टीलचे, संध्याकाळी परत येतात, आणि भाजी कशी झाली ते मला कुणाला विचारावं लागत नाही, झाकण उघडलं की कळतं. त्या दिवशी ११ डब्यांत भाजी अर्धी परत आली.

दुसरा प्रयोग जमला: किसलेला दुधी तेलावर परतून, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, शेंगदाणे, लसूण. रंग आणि दाटपणा येतो. गोडसर लागतं, म्हणून चिमूटभर आमचूर. डबे रिकामे परत आले. शिवाय रस्साभाजी आठवड्यात चारदाऐवजी दोनदा, बाकी दिवस पालेभाजी, उसळ, भरीत. भरीतात मात्र कांदा लागतोच, तिथे तडजोड नाही.

कच्चा कांदा बंद, जागी मुळा किंवा गाजर. हवाच असेल तर ५ रुपये. गल्ल्याशेजारी पाटीवर रोज खडूने लिहिते, 'आजचा कांदा' आणि पुढे किलोचा भाव. हे लिहायला लागल्यापासून एकानेही कुरकुर केली नाही. उलट आता भाव बघायला माणसं थांबतात, आणि थांबली की पाच-सहा जण संध्याकाळसाठी सुट्या पोळ्या घेतात. ७ रुपयाला एक.

३१ डिसेंबर

कोपऱ्यावर नोव्हेंबरात एक नवीन मेस निघाली, डबा ४५ रुपये. माझे सहा जण गेले, दोन परत आले, चार तिथेच आहेत. ती बाई ४५ मध्ये कसं बसवते ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित गाळा स्वतःचा असेल.

या महिन्यात रोज सरासरी ५८ मोठे, २४ छोटे. कांद्यामुळे मोठ्या डब्यात २७ ऐवजी साडेपंचवीस सुटले. खर्च जाऊन हातात ३१,१३४. दोन शॉपमध्ये दुसरी शिफ्ट सुरू झाली आहे, एकात अजून तीनच दिवस काम.

आज वर्षअखेर म्हणून कुपनांचा ताळा केला: विकलेली किती, फाडलेली किती. ४१२ कुपनं लोकांच्या खिशात आहेत. म्हणजे साधारण २३,५०० रुपये मी घेतलेत, त्यातले बरेचसे किराण्यात आणि भाड्यात गेले, आणि ४१२ डबे मला अजून द्यायचे आहेत. चार महिने मी याला कमाई समजत होते. उद्यापासून पुस्तक विकलं की ५७० मधले ३०० वेगळ्या डब्यात टाकायचे आणि कुपन फाटेल तसे तिथून काढायचे. आज ८,००० बाजूला काढता आले.

कुपनावर मुदत टाकायची का, यावर जेवताना वाद झाला. हे म्हणतात, दोन महिने. मी अजून ठरवलेलं नाही. रात्री सव्वानऊला आकडा बघायला ग्रुप उघडला, तर दिवाळीपासून गावी बसलेल्या एका मुलाचा मेसेज: "काकू, संक्रांतीनंतर बोलावतो म्हणालेत. माझी सात कुपनं आहेत, चालतील ना?"

चालतील म्हणून लिहिलं. उद्याचे मोठे ६१, छोटे २३.